ताई, हा इलाज आहे की अभ्यास?

(महासंघाच्या गास येथील महिला मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या गटांना मेळाव्याला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पुढच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आज रविवार. कुणी मिस्सा आटोपून आलंय, कुणी वाडीतलं काम उरकून, कुणी जेवणाची भांडी तशीच ठेवून. त्यामुळे मी वेळेत संपवते. विषय जरा अवघड आहे. मध्येच काही कळलं नाही तर हात वर करा, मी थांबेन. मी तुमच्यापेक्षा लहान आहे, कॉलेज सोडून मला फार वर्षं झाली नाहीत. संसार कसा करायचा हे तुम्हाला शिकवायला मी उभी नाही. एका बाबतीत मी स्वतः चुकले आणि मग शिकले, तेवढंच सांगणार आहे.

गेल्या वर्षभरात मी बैठकांना जाते तेव्हा एक गोष्ट दिसते. कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं, "आजारपण". आणि बैठक संपल्यावर चपला घालताना ताई हळूच सांगते, "आजारपण नाही गं, मूल राहत नाही म्हणून इलाज चालू आहे." सुकेळीच्या धंद्यासाठी, मसाल्यासाठी, शिलाई मशीनसाठी घेतलेलं कर्ज आपण भर बैठकीत मोठ्याने सांगतो. हे कर्ज मात्र पदराआड घेतो. पदराआड घेतलेल्या कर्जाबद्दल कुणाला काही विचारता येत नाही, आणि तिथेच बाई एकटी पडते. म्हणून आज हा विषय.

एका ताईची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते आहे. नाव आणि गट सांगणार नाही, तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका.

तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. सासूबाईंनी तिला एका डॉक्टरकडे नेलं, मग दुसऱ्या, मग नणंदेने सांगितलेल्या तिसऱ्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे झाला. अशी दोन वर्षं गेली. गटाचं चाळीस हजारांचं कर्ज डोक्यावर आलं. या दोन वर्षांत तिच्या नवऱ्याची एकही तपासणी झाली नव्हती. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, "मी कशी विचारू त्यांना?"

आता हे नीट ऐका. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. कधी एकट्या पुरुषाचं, कधी दोघांचं मिळून. आणि पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यात सोपी असते. वीर्याचा नमुना द्यायचा, बस्स. सुई नाही, भूल नाही, पोट उघडणं नाही. बाईच्या नळ्यांचा एक्स-रे त्याच्यापेक्षा कितीतरी त्रासाचा. म्हणजे सोपी तपासणी राहिली बाजूला आणि अवघड तपासण्या बाईच्या एकटीच्या अंगावर. एक वर्ष एकत्र राहून, काही साधन न वापरता दिवस गेले नाहीत, तर तपासणीला जावं. बाईचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच जावं. पण जावं दोघांनी. पहिल्या दिवसापासून दोघांनी.

त्या ताईच्या नवऱ्याची तपासणी शेवटी झाली. शुक्रजंतू कमी निघाले. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्यासोबत दवाखान्यात गेला. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

तिथे एका मॅडमने तिच्या हातात सहा पानांचा कागद दिला. "एक नवीन इंजेक्शन मोफत मिळेल, इथे सही करा." चाळीस हजार डोक्यावर असताना मोफत हा शब्द किती गोड लागतो, ते तुम्हाला माहीत आहे. पण आपली ताई गटात सात वर्षं आहे. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय ती सही करत नाही. तिने कागद घरी आणला आणि माझ्याकडे आली. "तू शिकलेली आहेस, बघ जरा."

खरं सांगते, कागद बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण तसाच एक कागद माझ्याही पुढे आला होता आणि मी न वाचता सही केली होती.

कॉलेजात मी कबड्डी खेळायचे. एकदा चढाईला गेले, मागे वळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि मी खाली बसले. गुडघ्यात एक दोरीसारखा मजबूत पट्टा असतो, तो मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवतो. त्याला एसीएल म्हणतात. तो तुटला होता. ऑपरेशन झालं आणि मग व्यायामासाठी मी एका ठिकाणी जाऊ लागले. पहिल्याच दिवशी पुढ्यात चार कागद आले. ऑपरेशनच्या वेळीही असेच कागद होते, म्हणून मी भराभर सह्या केल्या. दोन महिन्यांनी लक्षात आलं की माझ्याबरोबर येणाऱ्या मुलीला वेगळे व्यायाम देतात आणि मला वेगळे. विचारलं, तेव्हा कळलं की तिथे एक अभ्यास चालला होता. कुठल्या व्यायामाने गुडघा लवकर सुधारतो हे बघत होते आणि मी त्या अभ्यासात होते.

माझं नुकसान काही झालं नाही. गुडघा बरा आहे, तुम्ही मला रोज स्कूटीवर बघता. पण समाजकार्य शिकणारी मुलगी, दुसऱ्यांना "वाचल्याशिवाय सही करू नका" असं सांगणारी, मीच आंधळी सही करून बसले. मला नीट समजावणं हे त्यांचं काम होतं, ते झालं नाही. आणि "हे काय आहे" एवढं विचारणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

तर प्रश्न असा आहे, इलाज आणि अभ्यास यांत फरक काय?

इलाजात डॉक्टर तुमच्याकडे बघून ठरवतात. जे आधी तपासून झालंय, ज्याचा गुण माहीत आहे, ते तुम्हाला देतात. अभ्यासात, ज्याला क्लिनिकल रिसर्च म्हणतात, उत्तर अजून माहीत नसतं. नवं औषध जुन्यापेक्षा बरं की नाही, हे शोधायचं असतं. त्यासाठी बायकांचे दोन भाग करतात, एका भागाला नवं, दुसऱ्याला जुनं. कोण कुठल्या भागात जाणार, हे अशा अभ्यासात डॉक्टर ठरवत नाहीत. भिशीची चिठ्ठी काढतो ना आपण, तशी चिठ्ठी निघते. आता ती संगणक काढतो. चिठ्ठीच का? कारण डॉक्टरांनी हाताने निवडलं तर धडधाकट, तरुण बायका नकळत एकीकडे जातील, आणि मग गुण औषधाचा की वयाचा, हे कळणार नाही. भिशीत कुणी आपल्या माणसाची चिठ्ठी आधी काढली तर चालतं का आपल्याला? तसंच.

आता कुणी म्हणेल, मग अभ्यास वाईटच, आमच्यावर प्रयोग कशाला? नाही ताई. अभ्यास झाला नाही तर काय होतं, तेही ऐका.

टेस्ट ट्यूब बेबीच्या इलाजात, म्हणजे आयव्हीएफमध्ये, गर्भ आत ठेवायच्या आधी गर्भाशयाचं अस्तर बारीक नळीने थोडं खरवडायचं, म्हणजे गर्भ चांगला रुजतो, असं बरीच वर्षं मानत होते. हे खरवडणं दुखायचं. मग पाच देशांतल्या १,३६४ बायकांनी एका अभ्यासात भाग घेतला. चिठ्ठी टाकून अर्ध्या जणींचं अस्तर खरवडलं, अर्ध्या जणींचं नाही. २०१९ साली निकाल आला. खरवडलेल्या बायकांत शंभरात २६ जणींना मूल झालं. आणि न खरवडलेल्या बायकांत? शंभरात २६. म्हणजे इतकी वर्षं बायकांनी जे सोसलं त्याचा उपयोग शून्य होता. त्या १,३६४ बायकांनी कागद वाचून, समजून हो म्हटलं म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे. उद्या कुणी तुम्हाला हे करून घ्या म्हणालं तर तुम्ही विचारू शकता, याने मूल होण्याची शक्यता वाढते हे कुठे सिद्ध झालंय?

आणि अभ्यास काही परदेशातच होतात असं नाही. आपल्या नालासोपाऱ्याहून लोकल पकडून दादरला उतरलं की पुढे परळ. तिथे केईएम हॉस्पिटल आहे, आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे गेल्या असतील. ६ ऑगस्ट १९८६ रोजी त्या हॉस्पिटलात हर्षा नावाची मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच सरकारी प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मिळून केलेल्या कामातून ती जन्मली. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. महानगरपालिकेच्या दवाखान्यात, साध्या घरातल्या बाईला हे मूल झालं, हे विसरू नका.

पण याच्या मागची गोष्ट मला जास्त आवडते. हर्षाच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी अशीच एक मुलगी जन्माला आणली होती. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडात जन्मली, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं, पुढे त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात केली. १९८१ साली त्यांनी आपला जीव दिला. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले तेव्हा मुखोपाध्यायांच्या हाताने लिहिलेल्या नोंदी त्यांना बघायला मिळाल्या. त्या नोंदी वाचून त्यांनी जाहीर सांगितलं, पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे.

बघा. एका माणसाने वही नीट ठेवली होती आणि दुसऱ्याने प्रामाणिकपणे ती वाचली. आपल्या पंचसूत्रीत शेवटचं काय आहे? नियमित हिशोब लेखन. संशोधन म्हणजे दुसरं काही नाही, शरीराच्या बाबतीतलं हिशोब लेखन आहे. आणि ज्या वहीत आपलं नाव लिहिलं जातं, त्या वहीत काय लिहिलंय ते बघायचा हक्क आपल्याला आहे.

आता वही लपवून काम केलं तर काय होतं, तेही सांगते. हेही आपल्याच देशातलं आहे.

लेट्रोझोल नावाची एक गोळी आहे. पाळी गेलेल्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी ती वापरतात. २००३ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की एका औषध कंपनीने डॉक्टरांमार्फत ही गोळी चारशेहून अधिक बायकांना मूल होण्यासाठी दिली. त्या कामासाठी तिला तेव्हा सरकारची परवानगी नव्हती. बायकांना आपण एका अभ्यासात आहोत हे सांगितलं नव्हतं, असा आरोप झाला. बरीच ओरड झाली. पुढे २०११ साली सरकारने मूल होण्याच्या इलाजात या गोळीवर बंदीच घातली.

आणि मग काय झालं? २०१४ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. पीसीओएस असलेल्या, म्हणजे बीजकोशातून वेळच्या वेळी बीज सुटत नाही अशा, ७५० बायका त्यात होत्या. प्रत्येकीला विचारून, लेखी संमती घेऊन घेतलेल्या. जुन्या क्लोमिफीन गोळीने शंभरात १९ जणींना मूल झालं. लेट्रोझोलने शंभरात २७ जणींना. म्हणजे गोळी चांगली निघाली. २०१७ साली आपल्याकडची बंदीही उठली.

माझ्या एका मैत्रिणीने यावर मला विचारलं, "मग त्या कंपनीचं चुकलं कुठे? गोळी तर चांगलीच होती." मावशी, तुम्ही सांगा. गटाचे पैसे कोषाध्यक्षाने कुणाला न विचारता कुठेतरी गुंतवले आणि नशिबाने ते दुप्पट झाले, तर ते बरोबर ठरेल का? पैसे वाढले हे खरं. पण विचारलं नाही हे चुकलंच. आणि इथे तर पैसे नव्हते, बायकांची शरीरं होती. गोळी वाईट निघाली असती तर सोसलं कुणी असतं?

म्हणून कायदा काय सांगतो ते ऐका. नव्या औषधाचा अभ्यास करायचा असेल तर तो सुरू होण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. ही समिती अभ्यास करणाऱ्यांपासून वेगळी असते आणि तिच्यात डॉक्टर नसलेली माणसंही असतात. २००९ पासून असा प्रत्येक अभ्यास सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत लिहावा लागतो. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. नोंद आहे का हे मी मोबाईलवर काढून देऊ शकते, तुमच्या घरातली कॉलेजात जाणारी पोरही काढून देईल. २०१९ चे नियम सांगतात की अभ्यासामुळे काही इजा झाली तर इलाज मोफत करायचा, आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यांसाठी तर २०२१ साली वेगळा कायदाच झालाय. दवाखान्याची नोंदणी हवी, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या आत हवं, आणि लेखी संमतीशिवाय काही करता येत नाही.

आणि ज्या मावश्यांना वाचता येत नाही त्यांनी हे कान देऊन ऐका. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी काही संबंध नसलेला एक साक्षीदार समोर बसवून, तुमच्या भाषेत सगळं सांगून, मगच अंगठा घ्यायचा असतो. तो साक्षीदार तुमच्या गटातली सखी असू शकते. म्हणजे एकटीने अंगठा द्यायचाच नाही.

मी सात प्रश्न लिहून आणलेत. सीआरपी ताई त्याच्या प्रती वाटतील. त्या प्रती फ्रिजवर किंवा मिठाच्या डब्याखाली ठेवू नका, दवाखान्याच्या फाईलला टाचा.

१. हा इलाज आहे की अभ्यास?

२. अभ्यास असेल तर मला जुनं औषध मिळेल की नवं, आणि ते कोण ठरवणार?

३. किती वेळा यावं लागेल, किती वेळा रक्त काढणार, माझा रोज बुडेल त्याचं काय, आणि गाडीभाडं मिळेल का?

४. त्रास काय होऊ शकतो? झाला तर रात्री फोन कुणाला करायचा?

५. मी नाही म्हटलं, किंवा मध्येच सोडलं, तर माझा नेहमीचा इलाज चालू राहील ना? याचं उत्तर "हो" असंच असलं पाहिजे.

६. एथिक्स कमिटीचा नंबर कागदावर कुठे आहे?

७. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मला द्या. मराठीतली.

एखादी बाई म्हणेल, डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले तर ते रागावतील. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. बँकेच्या साहेबांसमोर पहिल्यांदा बोलताना आपले पाय लटपटत होते ना? आज व्याजाचा दर आपणच त्यांना विचारतो. तसंच आहे हे. पहिल्या वेळेलाच जड जातं.

आता हार्मोनच्या तपासण्यांबद्दल थोडं. हार्मोन म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तातून पाठवलेले निरोप. पाळी कधी यायची, बीज कधी सुटायचं, दूध कधी उतरायचं, हे सगळे निरोपच. मूल राहत नसेल तर थायरॉईडची साधी रक्ततपासणी आधी होते, कारण थायरॉईड बिघडलं तरी पाळी बिघडते आणि त्यावर गोळी आहे. काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करायच्या असतात. तारीख चुकली तर आकडा चुकतो आणि पैसे वाया जातात. म्हणून पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि एक गोष्ट. आपल्या देशात गर्भनळ्या बंद होण्यामागे क्षयरोग हेही एक कारण आहे. टीबी फक्त छातीचाच होतो असं नाही. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

एएमएच नावाची एक तपासणी आहे. बीजकोशात साधारण किती बीजं शिल्लक आहेत याचा तिने अंदाज येतो. हल्ली ती सर्रास करतात, आणि आकडा कमी आला की बाई रडत घरी येते. सासूबाई म्हणतात, बीजंच संपलीत हिची. पण अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या बायकांचा एक अभ्यास झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. मूल न होण्याचा आधीचा काही त्रास नसलेल्या त्या बायका होत्या. एएमएच कमी असलेल्यांनाही बाकीच्यांइतकेच दिवस राहिले. आयव्हीएफमध्ये औषधाची मात्रा ठरवायला हा आकडा कामाचा आहे. पण तो बाईच्या नशिबाचा निकाल नाही. रिपोर्टवरचा आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या, शेजारणीकडून नको.

आणि रिपोर्ट कुणाचा? ज्या बाईचं रक्त तिचा. हे ठासून सांगते, कारण हार्मोनच्या आकड्यावरून बाईची किती शोभा होऊ शकते ते आपल्या देशाने पाहिलंय. ओडिशाची धावपटू द्युती चंद, विणकराच्या घरातली मुलगी. २०१४ साली तिच्या अंगात पुरुषांच्या हार्मोनचं प्रमाण जास्त आहे म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून काढलं. तपासणी कशासाठी आहे हे तिला नीट सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. आणि बातमी सगळीकडे फुटली. अठरा वर्षांची पोर! ती घरात लपून बसली नाही. स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादात गेली, आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियमच थांबवला. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदकं आणली. तिचा आकडा होता तोच होता. कमी होतं ते लोकांचं तिच्याशी वागणं.

आपल्या गटातही हेच आहे. कुणाचा रिपोर्ट, कुणाच्या नवऱ्याचा रिपोर्ट, विहिरीवर, बाजारात, चर्चच्या आवारात निघता कामा नये.

शेवटचं, मुलींच्या आयांसाठी. डिसेंबरात वसईच्या कला-क्रीडा महोत्सवात आपल्या पोरी खेळतात, धावतात, तेव्हा छाती फुगते ना? मग दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, माझा गुडघा गेला तसा गुडघा मुलांपेक्षा मुलींचा जास्त वेळा जातो. पण ते टाळता येतं. नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींचा अभ्यास झाला. खेळण्याआधी वीस मिनिटं ठरावीक व्यायाम केले, तोल सांभाळायचे, उडी मारून नीट खाली यायचे, त्या मुलींमध्ये गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. वीस मिनिटं! तेव्हा मुलीच्या सरांना विचारा, आधी व्यायाम घेता का?

दुसरं, मुलगी खूप खेळते, कमी खाते आणि तिची पाळी थांबली, तर "बरं झालं, खेळायला मोकळी" असं म्हणू नका. आणि "आता हिला मूल होणार नाही" म्हणून खेळ बंदही करू नका. अंगाला खर्च जास्त आणि जमा कमी झाली की शरीर आधी पाळीचा खर्च तोडतं. हार्मोन कमी पडले की हाडं कच्ची होतात आणि साध्या धावण्यानेही हाडाला चीर जाते. तीन महिने पाळी नाही आली तर डॉक्टरकडे न्या. पुष्कळदा पोटभर जेवण आणि थोडी विश्रांती मिळाली की पाळी परत येते. मुलाच्या ताटात जेवढं वाढता तेवढंच मुलीच्या ताटात वाढा. पहिला इलाज तिथेच आहे.

आता त्या ताईचं काय झालं ते सांगून थांबते.

मी आणि ती, दोघी तो सहा पानांचा कागद घेऊन परत गेलो. प्रश्न विचारले. डॉक्टर रागावले नाहीत, उलट खुर्ची ओढून बसले. तो अभ्यासच होता. इंजेक्शनची नवी मात्रा आणि नेहमीची मात्रा यांची तुलना. मंजुरी होती, नोंद होती, सगळं रीतसर होतं. फक्त अकरा वेळा जावं लागणार होतं. ताई पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जाते. अकरा दिवस बुडाले तर कर्जाचा हप्ता चुकतो. तिने हिशोब केला आणि नाही म्हणाली. तिचा नेहमीचा इलाज चालू राहिला. त्याच दिवशी दुसऱ्या एका बाईने सगळं ऐकून हो म्हटलं. तिचं घर जवळ होतं, आणि ती म्हणाली, "माझ्यानंतर येणाऱ्या पोरींना उपयोग होईल." मला दोघींचंही पटलं. दोघींनी समजून ठरवलं होतं.

ताईला अजून मूल नाही. इलाज चालू आहे. कर्जाचे नऊ हजार राहिलेत. पण आता दवाखान्यात दोघं जातात, आणि गेल्या बैठकीत तिने अर्जावर "आजारपण" लिहिलं नाही. "मूल होण्यासाठी इलाज" असं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. कुणी काही बोललं नाही. एका मावशीने फक्त तिच्या हातावर हात ठेवला.

अध्यक्षाताई, माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक ठराव इतिवृत्तात लिहावा. कुणाही सखीला मोठी तपासणी, ऑपरेशन किंवा अभ्यासाच्या कागदावर सही करायची असेल, तर गटातली एकजण सोबत जाईल. एवढाच ठराव. पैसे लागत नाहीत, व्याज लागत नाही. सोबत जी लागते ती आपल्याकडे भरपूर आहे.